मौजमजेला 'आरोग्यदायी' म्हणणं कितपत बरोबर?

रिकामटेकडी
तब्येतीसाठी काय करावं असं विचारलं की यादी ठरलेली: चाला, वेळेवर झोपा, साखर कमी करा, बीपी तपासत राहा. 'मजा करा' असं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलंच तर जाता जाता. माझं मत उलट आहे. बाकीची यादी टिकते ती मजेच्या जोरावर.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर लोकांचा सुमारे २५ वर्षं मागोवा घेऊन २०१८ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. बैठी जीवनशैली असणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, फुटबॉलवाले ४.७, जॉगिंगवाले ३.२ आणि जिमवाले १.५. वरचे तिन्ही खेळ सोबत्याशिवाय होतच नाहीत, हे बघा.

दुसरं, ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार यांचे २०१२ चे प्रयोग. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवायच्या, आणि आधी व नंतर दंडाला बर्फगार पट्टा गुंडाळून किंवा बीपीचा पट्टा आवळत नेऊन ते किती सोसतात ते बघायचं. खळखळून हसलेल्यांची सोसण्याची ताकद वाढली. नुसतं बरं वाटलं पण हसू आलं नाही, त्यांची नाही.

शंकासुर
असहमत. आकडे खरे, निष्कर्ष घाईचा.

टेनिस कोण खेळतं? ज्याच्याकडे वेळ आहे, पैसा आहे आणि ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो. शिक्षण-उत्पन्नाचा हिशेब धरला तरी सगळा फरक धुऊन निघत नाही, आणि टेनिसमुळेच आयुष्य वाढलं असा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये सात लाखांहून जास्त मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसते आकडे पाहिले तर दुःखी बायका लवकर मरत होत्या. मुळातली तब्येत, धूम्रपान वगैरे हिशेबात धरल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे आजारपणामुळे माणूस दुःखी होतो. दुःखी असल्यामुळे लवकर जातो असं त्यात दिसलं नाही.

या क्षेत्रात उत्साहाच्या भरात बरंच काही खपून जातं. चांगल्या आणि वाईट भावनांचं प्रमाण २.९०१३ च्या वर गेलं की माणूस बहरतो, असं गणित २००५ मध्ये मांडलं गेलं. चार दशांश स्थळांपर्यंत! २०१३ मध्ये ते गणितच चुकीचं असल्याचं दाखवून दिलं गेलं, तोवर ते सर्वत्र पसरलेलं होतं. हसण्यानं वजन उतरतं हेही तसंच. दिवसाला १०-१५ मिनिटं मनसोक्त हसलात तर १० ते ४० कॅलरी, बस्स.

रिकामटेकडी
@शंकासुर, लॅन्सेटचा मुद्दा मान्य. पण तिथे 'तुम्ही किती वेळा आनंदी असता' एवढंच विचारलं होतं. आनंदी असणं ही मनःस्थिती; मजा ही करायची गोष्ट, तिच्यात शरीर आणि माणसं दोन्ही येतात. माझा दावा आयुष्य वाढण्याचा नाहीच. कंटाळवाणा व्यायाम लोक सोडतात आणि खेळ सोडत नाहीत, एवढाच आहे. खेळताना लक्ष शटलवर असतं, घड्याळावर नाही.

मात्र चाळिशीनंतर खेळाकडे परतणारे पहिल्याच दिवशी पंचविशीतलं खेळायला जातात आणि टाचेच्या मागची मोठी शीर (अकिलीस टेंडन) तोडून घेतात. म्हणून बॅडमिंटनचा पहिला महिना असा:

आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान एक दिवस सोडून. एकेरी नको, दुहेरी. निम्मंच मैदान सांभाळायचं असतं. सुरुवातीची १० मिनिटं भरभर चालणं, मग टाचा उचलून पंजांवर उभं राहणं १५ वेळा, असे दोन फेरे, मग आडवी पावलं. त्यानंतर जाळीजवळ हलके फटके. स्मॅश सगळ्यात शेवटी. धावण्याचे बूट घालू नका, त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो, बाजूला झेपावलं की घोटा मुरगळतो. खेळताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपतच दम लागू द्या.

आणि कुणीतरी मागून टाचेवर लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही, तर तिथेच थांबा. त्या एका पायाच्या पंजावर उभं राहता येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बर्फ लावून आठवडाभर वाट बघू नका.

निवांत
दोघंही धडधाकट माणसाबद्दल बोलताय. ज्याला कशातच मजा वाटेनाशी झाली आहे त्याचं काय? त्याला 'जरा मजा कर' म्हणणं क्रूर आहे. पण नैराश्यावरच्या एका उपचाराचा गाभा हाच आहे: आधी कृती, मूड मागून येतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४४० जणांवरच्या चाचणीत हा साधा उपचार, तोही कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला, तज्ज्ञांच्या सीबीटीपेक्षा (विचारांची वळणं बदलणारा, बोलण्यातून होणारा उपचार) कमी पडला नाही.

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. दर दोन तासांनी काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे मूडला ० ते १० मधला आकडा. आठवड्याअखेर आकडा २ चा ३ कुठे झाला ते शोधायचं. तीच गोष्ट उचलून तिचा बारीक तुकडा करायचा. 'पुन्हा वाद्य शिकायचं' नाही. 'मंगळवारी सहा वाजता वाद्य बाहेर काढून १० मिनिटं'. इच्छा नसली तरी करायचं, कारण इच्छेची वाट पाहण्यातच महिने जातात.

हे फसतं ते बहुधा दोन कारणांनी. तुकडा फार मोठा घेतला, किंवा दुसऱ्यांना जे मजेचं वाटतं ते घेतलं. आणि जेवण-झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर वही नंतर, डॉक्टर आधी.

घड्याळजी
झोपेवर कुणीच बोललं नाही. बहुतेकांची मजा रात्री अकराला सुरू होते आणि तिचं बिल झोपेतून वसूल होतं. प्रौढांना किमान सात तास लागतात. संध्याकाळी सहाला कॉफी प्यायलात तर अकरालाही तिचा जवळपास निम्मा अंश अंगात असतो. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. सुट्टीच्या दिवशी तीन तास उशिरा उठलं की शरीराच्या लेखी तो तीन टाइमझोनचा प्रवास, आणि सोमवार त्यात जातो.

उपाय कंटाळवाणे आहेत. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. उठण्याच्या वेळेत रोजच्यापेक्षा तासाहून जास्त फरक पडू देऊ नका. मजा संध्याकाळी अलीकडे ओढा.

शंकासुर
@निवांत, तुमचा 'मंगळवारी सहा वाजता' मला खटकतो. टोनिएटो आणि माल्कोक या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोकळ्या वेळेतली गोष्ट नेमक्या वेळेला बांधली की ती कामासारखी वाटू लागते आणि मजा घटते. १९७३ चा लहान मुलांवरचा प्रयोगही आहेच: चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. 'तब्येतीसाठी मजा' हे असंच बक्षीस आहे.

निवांत
त्याच अभ्यासात 'दुपारनंतर कधीतरी' अशी ढोबळ वेळ ठरवली तर नुकसान होत नाही, हेही आहे. धडधाकट माणसानं तसंच करावं. नैराश्यातल्या माणसासाठी 'कधीतरी' म्हणजे कधीच नाही, म्हणून त्याला नेमकी वेळ. माणूस वेगळा, मात्रा वेगळी.

शंकासुर
बरं. पण मग घड्याळातली पावलं मोजणंही बंद करा. जॉर्डन एट्किन यांच्या २०१६ च्या प्रयोगांत मोजमाप सुरू झाल्यावर लोक चालले जास्त, पण चालण्याची मजा कमी झाली.

रिकामटेकडी
पावलं खुशाल बंद करा, २१ गुण मात्र मोजणार. गुण मोजले नाहीत तर बॅडमिंटनमध्ये उरतं काय?

घड्याळजी
अवांतर: हरल्यावर 'अजून एक गेम' मागणाऱ्यांसाठी हॉलचे दिवे नऊला बंद व्हायला हवेत.