मदत हवी आहे: स्पितीत आइस क्लाइंबिंग, जोडीदार अगदी नवखी

जानेवारीत स्पितीला गोठलेल्या धबधब्यांवर चढाईला जायचंय, गाईड घेऊनच. मी सह्याद्रीत कातळारोहण करते, पण मावसबहिणीने आइस अ‍ॅक्स हातातही धरलेली नाही. हिवाळ्यात मनालीकडची कुंझुम खिंड बंद, म्हणजे शिमला-किन्नौरमार्गेच स्पितीतलं मुख्य गाव काझा (उंची सुमारे ३,६५० मीटर). वाट लांबची, पण उंची हळूहळू वाढते, तिच्यासाठी तेच बरं.

एक गाईड म्हणाला, पहिल्याच दिवशी उभ्या बर्फावर नेतो. मला नाही पटलं. आधी सोप्या उतारावर क्रॅम्पॉनची (बुटांना बांधायच्या धातूच्या काट्यांची) पावलं घोटून घेणारा, मग टॉप-रोपवर (वरून लावलेल्या दोरावर) चढवणारा, आणि आमच्या दोघींशिवाय तिसरं कोणी न घेणारा गाईड कोणाला माहीत आहे का? तिचे पाय लहान आहेत. कडक तळाचे बूट त्या मापात भाड्याने कुठे मिळतील? आणि बिले देताना, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर खालून सांभाळताना, गारठणाऱ्या बोटांचं तुम्ही काय करता?