मदत हवी आहे : टेस्ट रिपोर्टवर सही करू की नको?

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, साइटवर टेस्टिंग बघतो. एका इमारतीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (तेवढा करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारे सुरक्षा-स्विच) सारखे ट्रिप होत होते, म्हणून कंत्राटदाराने ते काढून ३०० मिलिअँपिअरचे बसवले. आता ट्रिपिंग थांबलंय आणि सगळे खूश आहेत. पण ३०० वाला आगीपासून संरक्षणासाठी असतो, शॉक बसलेल्या माणसाला तो वाचवेल याचा भरवसा नाही. ही सॉकेटची सर्किट्स आहेत, तिथे लहान मुलंही हात लावणार.

खरं कारण मला दिसतंय. एकाच आरसीसीबीवर खूप सर्किट्स घेतली आहेत, त्यामुळे प्रत्येक उपकरणाचा थोडा थोडा लीकेज करंट एकत्र साठतो. दोन ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटल्याचाही संशय आहे. सर्किट्स विभागून जास्त आरसीसीबी लावले की प्रश्न सुटेल, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो.

वरिष्ठ म्हणतात, "रिपोर्टमध्ये ३० लिही, सही कर, पुढे बघू." आय-ट्रिपल-ई (IEEE) या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेत लोकांची सुरक्षितता सर्वांत वर ठेवलीय, धोका दिसला तर तो लगेच उघड करायला सांगितलंय. खोटा आकडा मी लिहिणार नाही, एवढं नक्की.

अडलंय ते पुढे. आधी वरिष्ठांना लेखी कळवू, की थेट मालकाला सांगू? मोजमापं आणि फोटो स्वतःजवळ ठेवले तर गोपनीयतेचा भंग होतो का? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगा. परवा रिपोर्ट द्यायचा आहे.