जहाज पोर्टला लागलं की लातूरला तुरीचा भाव कामून उतरतो?

औसा_तूरवाला: रामराम मंडळी. दोन दिवसाखाली लातूरला अडतीवर तूर घेऊन गेलतो, आडत्या म्हणायलाय अण्णा आफ्रिकेचं जहाज पोर्टला लागायलंय, शंभर-दीडशे कमीच धरा. आता औसा कुठं अन् समुद्र कुठं. त्यात पोरगी एमपीएससीचा अभ्यास करायली, तिच्या पुस्तकात देशातली १२ मेजर पोर्ट दिलेत अन् त्यात मुंद्राचं नावच नाही, टीव्हीवर तर सारखं मुंद्रा मुंद्रा. काय गौडबंगाल हाय हे?

परभणी_अभ्यासिका: काका, मेजर म्हणजे मोठं असं नाहीच, मी पण आधी तिथंच फसलो होतो. केंद्राच्या ताब्यातलं ते मेजर अन् राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडचं ते नॉन-मेजर, घटनेच्या सूचीतच तशी वाटणी आहे. मुंद्रा गुजरातच्या बोर्डाखाली, चालवते खाजगी कंपनी. २०२४-२५ ला तिथं २० कोटी टन माल हाताळला, अन् मेजरमधले पहिले दोन पारादीप आणि कांडला, दोघंबी १५ कोटीच्या आसपास. म्हणजे नॉन-मेजरच सगळ्यात मोठं, घ्या आता 😄 ताईला सांगा कांडला पक्कं करून ठेव, फाळणीत कराची तिकडं गेलं म्हणून ते उभं केलं, आता नाव दीनदयाळ. अन् पालघरचं वाढवण जून २०२४ ला मंजूर झालं, ते तेरावं. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे पण तो वेगळा विषय.

जालना_ट्रेलर: अण्णा तुमच्या तुरीचं मी सांगतो, माझ्या गाड्या न्हावा शेवाला चालतात. ते पोर्ट १९८९ चं, मुंबई बंदरात गर्दी मावंना म्हणून पलीकडच्या काठाला केलं, आज मेजर पोर्टांवर जेवढे कंटेनर चढतात-उतरतात त्यातले निम्मे तिथंच. आम्ही इकडून सरकीच्या पेंडीचे नाहीतर कापसाच्या गाठीचे डबे घेऊन जातो अन् येताना जालन्याच्या स्टील मिलांचं भंगार आणतो, रिटर्न भाडं नाही भेटलं तर डिझेलचे पैसे बी निघत नाहीत.

आता भाव. मोझांबिकची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, म्यानमारची आपल्या बरोबरच. मे २०२१ पासून आयात मोकळी केलेली. आयातवाला माल हातात यायची वाट बघत बसत नसतो, जहाज समुद्रात असतानाच दाळमिलला सौदा देऊन टाकतो, मग मिलवाला तुमच्या ढिगापुढं उभा राहून कशाला घाई करील? जहाज लागलं तरी कस्टम, मालात कीड-रोग हाय का बघणाऱ्या क्वारंटाइनवाल्यांची तपासणी, मग कुठं डबा हलतो. भाव मात्र त्याच्या आधीच हललेला असतो.

औसा_तूरवाला: म्हणजे जहाज दिसायच्या आधीच आमचं बुडालं म्हणा की. पोरीला मुंद्राचं सांगितलं, ती म्हणती बाबा हा प्रश्न पेपरला फिरवून विचारतात. बरं दादा, राहिलेली पंधरा कट्टे आत्ता काढू का ठेवू?

जालना_ट्रेलर: अण्णा ते मला कळलं असतं तर मी ट्रेलर चालवला असता का 🙏