माझ्या मॅकवर ॲप चालतं, गिऱ्हाइकाकडे ‘डॅमेज्ड’

घोडबंदरकर
मंडळी, डोकं पिकलंय. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यासाठी मॅकवर छोटं ॲप केलंय, जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं. एक्सकोडमधून (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) आर्काइव्ह, डेव्हलपर आयडीच्या सर्टिफिकेटने साइन, नोटरायझेशन (ॲपलची तपासणी) ‘ॲक्सेप्टेड’, त्या मंजुरीचं तिकीटही ॲपला स्टेपल केलं. मागच्या महिन्यात पेन ड्राइव्हवरून तिथे टाकलं, निमूट चाललं. नव्या आवृत्तीची मात्र झिप करून लिंक पाठवली, कारण घोडबंदर रोडवर पुन्हा दोन तास घालवायची हौस नव्हती. छापखान्याच्या काकांनी स्क्रीनचा फोटो धाडला: ॲप डॅमेज्ड आहे, ट्रॅशमध्ये टाका. खाली त्यांची ओळ, ‘टाकू का कचऱ्यात?’ सर्टिफिकेट रिव्होक करून नवीन काढू का?

ऐरोली_कट्टा
एवढं काय त्यात? त्यांना टर्मिनल उघडायला सांग, क्वारंटाइनचा शिक्का (नेटवरून उतरवलेल्या फाइलवर लागतो तो) काढून टाक. चालेल.

घोडबंदरकर
काका अजून डबल क्लिक कुठे करायचं ते विचारतात हो.

खारघरची_ताई
रिव्होक अजिबात करू नकोस, त्या सर्टिफिकेटवर साइन झालेलं आधीचं ॲपही अडकेल. आणि शिक्का काढणं म्हणजे ताप आहे तर थर्मामीटर फोडा. पेन ड्राइव्हवरून आलेल्या ॲपवर तो शिक्का नव्हता. ब्राउझरमधून उतरवल्यावर तो लागला, म्हणून गेटकीपरने, म्हणजे मॅकच्या पहारेकऱ्याने, सही नीट तपासली आणि ती तुटलेली निघाली. झिप कशाने केलीस?

घोडबंदरकर
टर्मिनलमधून, झिप -आर. बिल्ड स्क्रिप्टमधली शेवटची ओळ.

खारघरची_ताई
तिथेच माती खाल्लीस. ॲपच्या आत फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचं पाकीट, असेल ना? फ्रेमवर्कमध्ये ‘करंट’ ही नुसती सिमलिंक, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी खूण असते, बाहेर दिसणारी मुख्य फाइल हीसुद्धा सिमलिंकच. झिपला -वाय दिलं नाही तर ती लिंकच्या जागी अख्खी फाइल कोंबते. सही त्या मांडणीवर झालेली, मांडणी बदलली की सही गेली. तुझीच झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघड, त्या प्रतीवर कोडसाइन व्हेरिफाय (सही तपासणारी आज्ञा) चालव. मूळ ॲप तपासून काही कळणार नाही.

ऐरोली_कट्टा
राइट क्लिक करून ओपन केलं तर?

खारघरची_ताई
मॅकओएस सिकोयापासून ती पळवाट बंद झाली. आणि ‘डॅमेज्ड’ला ती आधीही चालत नव्हती.

घोडबंदरकर
ताई, दंडवत! मूळ ॲप ३८ एमबी, झिपमधून काढलेलं ६२! एकच फ्रेमवर्क आत तीनदा बसलं होतं. कोडसाइन म्हणतं, बंडल फॉरमॅट ॲम्बिग्युअस, म्हणजे हे नक्की कसलं पाकीट ते कळेना. आकडा रोज समोर होता, पण नोटरायझेशनसाठीची झिप मी वेगळी, डिट्टोने (सिमलिंक जपणारी मॅकची आज्ञा) करत होतो, म्हणून ती पास होत राहिली. आता काकांची झिपही डिट्टोनेच केली, कीप पेरेंट लावून, स्टेपल झाल्यानंतर. पुन्हा लिंक पाठवली. दहा मिनिटांत फोन आला: ‘उघडलं. पण र्‍हस्व-दीर्घ कोण बघणार?’