अनुभव धागा: २८ ऑगस्ट, अमेरिकेच्या इतिहासातली एक तारीख

मंडळी, २८ ऑगस्ट १९६३ म्हटलं की वॉशिंग्टनच्या मोर्चात लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेलं स्वप्नाचं भाषण आठवतं. याच तारखेच्या पहाटे, १९५५ साली, मिसिसिपीतल्या मनी गावाजवळ चौदा वर्षांच्या एमेट टिलला नातेवाइकांच्या घरातून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. सुट्टीत शिकागोहून आलेला मुलगा. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढली, एवढा आरोप. १९५७ साली याच रात्री सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयक अडवायला उभे राहिले आणि २४ तास १८ मिनिटं बोलत राहिले. विधेयक तरीही मंजूर झालं. २००८ साली याच दिवशी ओबामांनी अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली.

माझ्या मुलांना शाळेत फक्त १९६३ शिकवलं. १९५५ वगळलं की ते भाषण नुसतं गोड वाटतं, त्यामागची आच कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. या तारखेशी जोडलेल्या जागा तुम्ही पाहिल्या असतील, त्यातलं काही घरात किंवा शेजारी ऐकलं असेल, तर इथे लिहा.

मेम्फिसहून

आम्ही दोघं गाडीने दक्षिणेला सम्नरला गेलो होतो. दोन्ही बाजूंना सपाट कापसाची शेतं आणि मग अचानक गावचा चौक, मधोमध विटांचं न्यायालय. एमेटच्या खुनाचा खटला तिथेच चालला. दालन आता १९५५ साली होतं तसं करून ठेवलंय. बारा ज्युरर, सगळे गोरे पुरुष. तासाभराच्या थोडं वर विचारविनिमय, आणि आरोपी रॉय ब्रायंट व जे. डब्ल्यू. मिलम निर्दोष सुटले. पुढच्याच जानेवारीत त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा निर्दोष ठरल्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नव्हता.

मला तिथे सगळ्यात जास्त जाणवले ते मोझ राइट, एमेटच्या आईच्या मावशीचे यजमान. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारा साठी ओलांडलेला माणूस. त्या न्यायालयात, त्या गर्दीसमोर ते उभे राहिले आणि बोट दाखवून मिलमला ओळखलं. मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्यावर असा उघड आरोप करणं म्हणजे जिवाशी खेळ. खटल्यानंतर त्यांना पिकासकट सगळं सोडून उत्तरेला जावं लागलं. मी साक्षीदाराच्या जागेपाशी बराच वेळ उभा होतो.

नदीकाठी ग्रॅबॉल लँडिंगला, जिथून मृतदेह काढला असं मानतात, तिथे पाटी आहे. पहिली पाटी चोरीला गेली. नंतरच्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या. २०१९ साली बुलेटप्रूफ पाटी बसवावी लागली. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखतच्या काळातलं आहे.

शिकागोहून

मी आई म्हणून लिहितेय. शहराच्या दक्षिण भागात स्टेट स्ट्रीटवर रॉबर्ट्स टेंपल चर्च आहे. एमेटची आई मॅमी टिल यांनी मुलाची शवपेटी तिथे उघडी ठेवायला लावली. चेहरा ओळखू येत नव्हता. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने बघावं, हा त्यांचा हट्ट होता. हजारो लोक रांगेने दर्शनाला आले, 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापले. त्यानंतर शंभर दिवसही झाले नव्हते, तेव्हा १ डिसेंबरला रोझा पार्क्स या काळ्या स्त्रीने माँटगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

ती शवपेटी आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे. माझ्या मुलाचा हात मी तिथे घट्ट धरला होता, तो मोठा असूनही.

शिकागोहूनच, दुसरा

२८ ऑगस्ट १९६८ राहिलं! डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या वेळी मिशिगन अव्हेन्यूवर पोलिसांनी युद्धविरोधी निदर्शकांना टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर झोडपलं. किंग यांना जाऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

न्यूयॉर्कहून

मी मूळची नागपूरची. कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तिथे लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. विद्यापीठापासून चालत काही मिनिटांवर रिव्हरसाइड चर्च. १९६३च्या मोर्चासाठी आदल्या रात्री स्वयंसेवकांनी तिथे चीज सँडविचचे ८०,००० डबे भरले. मोर्चाची सगळी आखणी बायर्ड रस्टिन यांची, आणि जेवण उन्हात खराब होऊ नये याचासुद्धा त्यांनी विचार केला होता. मोर्चे, परिषदा म्हटल्या की भाकरी कोण थापणार हे आमच्या घरी आधी ठरायचं, म्हणून मला हा तपशील भाषणाइतकाच मोलाचा वाटतो.

अजून एक धागा. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, अस्पृश्यांच्या प्रश्नासाठी. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. हेच ड्यू बॉइस २७ ऑगस्ट १९६३ला घानात वारले आणि दुसऱ्या दिवशी मोर्चाच्या व्यासपीठावरून नागरी हक्क चळवळीतले नेते रॉय विल्किन्स यांनी ती बातमी अडीच लाख लोकांना सांगितली. हे वाचलं त्या दिवशी मी आईला नागपूरला फोन केला.

मेरीलँडहून

आमच्या शेजारच्या आजी त्या मोर्चाला गेल्या होत्या. तेव्हा त्या शाळकरी होत्या, चर्चच्या बसने गेल्या. भाषणातलं त्यांना फारसं आठवत नाही, त्या सांगतात ते उकाडा आणि स्मारकासमोरच्या तळ्यात पाय सोडून बसलेली माणसं. एक गोष्ट मात्र त्या दरवेळी बजावतात: मोर्चा नोकऱ्या आणि स्वातंत्र्य, दोन्हींसाठी होता. किमान वेतन ताशी दोन डॉलर करा, ही मागणी होती. "ते कोणी सांगत नाही," म्हणतात. मीही आता प्रत्येकाला सांगतो.

ह्यूस्टनहून

२००५चा २८ ऑगस्ट, रविवार. न्यू ऑर्लिन्स रिकामं करण्याचा सक्तीचा आदेश निघाला. आमचे मित्र रात्री उशिरा आमच्याकडे पोचले. त्यांच्याकडे गाडी होती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांतले हजारो सुपरडोम स्टेडियममध्ये आसऱ्याला गेले, आणि त्यांतले बहुतेक काळे आणि गरीब होते. या यादीत कतरिना चक्रीवादळाची पूर्वसंध्या हवीच.

डेन्व्हरहून

२००८ला ओबामांनी उमेदवारी स्वीकारली त्या रात्री मी इथल्या स्टेडियममध्ये होते, अगदी वरच्या रांगेत. १९६३च्या व्यासपीठावर बोललेले जॉन लुईस त्या रात्रीही बोलले. १९६३ला ते तेवीस वर्षांचे होते, २००८ला खासदार. माझ्या शेजारी एक वयस्क काळे गृहस्थ होते. ओबामा आले तेव्हा सगळे उभे राहिले, ते मात्र बसून राहिले आणि रडत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी नुसती मान हलवली.

न्यू जर्सीहून

माझे वडील १९७० साली इथे आले. १९६५च्या स्थलांतर कायद्याआधी भारतीयांना वर्षाला फक्त शंभर जागा होत्या. त्या चळवळीने देशाचं मन वळवलं नसतं तर तो कायदा झाला असता असं मला वाटत नाही. आपल्या मंडळांत हे ऋण पुरेसं बोललं जात नाही, आणि ते बोललं जावं. मेम्फिसकरांना विचारायचं होतं: या शरदात सम्नरला जायचा विचार आहे, मुलगी तेरा वर्षांची आहे. नेऊ का?

मेम्फिसहून

जरूर न्या. एमेट तिच्याहून वर्षानेच मोठा होता. त्या इमारतीत अजून कामकाज चालतं, म्हणून चौकातल्या एमेट टिल केंद्राला आधी फोन करून वेळ ठरवा. दालन ते दाखवतात. नदीकाठच्या पाटीसाठी उजेड असतानाच निघा.