अमेरिकेतल्या मोकाट डुकरांचा एवढा बाऊ का?

भटका_जीव: टेक्सासमध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतानाचा व्हिडिओ बघितला, २०११ पासून कायद्यानेच परवानगी आहे म्हणे. पिकं खातात ते समजलं, पण पर्यावरण आणि रोगराईचं काय? आणि घरोघरी बंदुका असलेल्या देशात ही संपत कशी नाहीत??

रानवाट: खाण्यापेक्षा उकरणं वाईट. नाकाने जमीन नांगरल्यासारखी उलटी करतात, मुळं, अळ्या, कासवाची अंडी काही सोडत नाहीत. घाम येत नाही म्हणून अंग गार करायला ओढ्यात लोळतात, पाणी गढूळ, वर त्यातच लेंड्या. हवाईत तर कहर आहे, तिथे झाडाएवढे नेचे असतात, डुकरं त्यांची खोडं फोडून आतला गर खातात, पोकळीत पावसाचं पाणी साचतं, त्यात डास होतात आणि ते डास तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांना मलेरिया देतात. म्हणजे डुक्कर पक्ष्याच्या वाटेलाही जात नाही आणि पक्षी मरतो!

जुनी_खोड: रोगांचं म्हणाल तर २००६ मधलं पालकाचं प्रकरण शोधा. कॅलिफोर्नियातल्या पालकातून ई. कोलाय पसरला, २०० च्या आसपास लोक आजारी, तिघे दगावले. शेताजवळच्या गुरांच्या शेणात, ओढ्यात आणि रानडुकरांतही तोच जंतू सापडला. डुकरांनीच शेतात नेला हे काही सिद्ध झालं नाही, उगाच सगळं त्यांच्या माथी मारू नका, पण शक्यता धरली गेली. शिवाय ब्रुसेलोसिस, लेप्टो हे जनावरांतून माणसाला होणारे जंतूंचे आजार आहेतच. शिकारी कुत्र्यांना स्यूडोरेबीज (डुकरांतला एक विषाणूजन्य रोग) होतो, त्यातून कुत्रं बहुतेक वाचत नाही.

भटका_जीव: बापरे. मग मांस खातात ते कसं चालतं?

जुनी_खोड: नीट शिजवलं की चालतं. धोका कापताना, हाताला जखम असेल तर रक्तातून ब्रुसेलोसिसचा जंतू शिरतो, म्हणून ग्लोव्हज घालायला सांगतात.

निवांत: संपत नाहीत कारण मादी सहा-आठ महिन्यांची झाली की व्यायला तयार, एका वेताला चार-सहा पिल्लं. गोळी घातली की एक-दोन पडतात, बाकीचा कळप पांगतो, हुशार होतो आणि रात्रीच बाहेर पडायला लागतो. त्यात शिकारीच्या हौसेपायी लोकांनीच गाडीत घालून नव्या भागात नेऊन सोडली, आता बोला! मिसुरी राज्याने म्हणून सरकारी संरक्षित जमिनींवर यांच्या शिकारीला उलट बंदी घातली, तिथे मोठा पिंजरा लावून मका टाकतात आणि अख्खा कळप आत आला की मगच दार पाडतात.