मेंढ्या दिसल्या की कुत्रा ऐकेनासा होतो. क्लिकरने माघारी वळवणं कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे, आणि जरा घाईने हवी आहे.

आमचा मळा शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्याच्या बाजूला. राहतोही मळ्यातच. कपाशी, थोडी मिरची आणि पाऊस सरला की काळ्या रानात दादर (रब्बी ज्वारी). भुऱ्या हा आमचा गावठी कुत्रा, वय दीड वर्ष. राखणीला चोख, पोरांशी अतिशय मायाळू. एकच गोष्ट जिवाला घोर लावते: मेंढ्या.

दिवाळीच्या मागेपुढे ठेलारी भाऊंचे, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचे, वाडे (कळपासकटचे तळ) आमच्या भागात उतरतात. रिकाम्या रानात आम्हीही मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत जमिनीला मानवतं. गेल्या वर्षी भुऱ्या लहान होता, भुंकत मागे लागला आणि एक कोकरू घाबरून वाघरीत (मेंढ्यांभोवतीच्या जाळीत) अडकलं, पाय दुखावला. भाऊ समजूतदार, बोलाचाली झाली नाही. या वर्षी मात्र कुत्रा पूर्ण वाढलेला आहे. त्याने एखादं कोकरू तोंडात धरलं तर ज्यांचं पोट मेंढ्यांवर आहे त्यांना काय तोंड दाखवू? शिवाय वाड्याबरोबर त्यांचे कुत्रे असतात, ते आमच्याला फाडल्याशिवाय सोडणार नाहीत.

क्लिकरने (दाबली की 'टक' वाजणारी छोटी डबी) शिकवायला घेतलं ते फार छान चाललंय, हे आधी सांगते. बस, थांब, तळहाताला नाक लाव, बारदानावर जाऊन पड, एवढं येतं. क्लिक झाला की त्याचे कान मागे जातात, जीभ एकदा नाकावरून फिरते आणि नजर थेट माझ्या खिशावर. अंगणात हाक मारली की धावत येतो. मळ्यात, विहिरीपाशी, मोटार चालू असतानाही येतो. मेंढ्या नसल्या तर.

मेंढ्या दिसल्या की काय होतं ते नीट बघितलंय. आधी तोंड मिटतं. शेपटी ताठ होते. पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो. त्या वेळी हाक मारली तर एक कान माझ्याकडे वळतो, मान वळत नाही. दोन पावलं पुढे गेला की कानही वळत नाही, आणि मग सुटतोच.

माझ्या अडचणी अशा. सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडं-मटण येत नाही. खाऊ म्हणून भाकरीचा तुकडा नाहीतर शेंगदाणा असतो. मेंढ्यांपुढे त्याची काय किंमत? दुसरं, धाकटे दीर क्लिकर वाजवून त्याला बोलावतात. तो येतोही. पण त्याने शिकवण्यात घोळ होतो का? तिसरं, आबा (सासरे) 'आठे ये' म्हणतात, मी 'ये', पोरं 'कम'. आणि खरा प्रश्न: तो त्या एका पायावर उभा असतो तेव्हा मी क्लिक करायचं की नाही? केलं तर मेंढ्यांकडे बघण्याचंच बक्षीस दिल्यासारखं होईल अशी धास्ती वाटते.

मारायचं नाही, एवढं घरात सगळ्यांनी मान्य केलंय.

प्रतिसाद: पांझराकाठ

ताई, तो आतापर्यंत प्रत्यक्ष किती वेळा मागे लागलाय, आणि सध्या मोकळा असतो की बांधलेला? जवळपास कुणाच्या शेळ्या-मेंढ्या आहेत का, सरावासाठी? हे कळलं तर नीट सांगता येईल.

प्रतिसाद: मळेकरी

आमच्याकडे अशा कुत्र्याच्या गळ्यात लोढणं अडकवायचे. पळायला लागला की पायात येतं, आपोआप थांबतो. आठ-पंधरा दिवसांत खोड जाते.

धागाकर्ती

पांझराकाठ दादा, या वर्षी दोन-तीनदा गावातल्या शेळ्यांमागे गेला, चावला नाही. दिवसा मोकळाच असतो. शेजारच्या मळ्यात शेळ्या आहेत, दावणीला बांधलेल्या. शेजारच्या काकू चांगल्या आहेत, सरावाला नाही म्हणणार नाहीत.

मळेकरी भाऊ, लोढण्याने पळता येत नाही हे खरं. पण ते काढलं की पुन्हा तेच, आणि कपाशीत अडकून गळफास बसायची भीती वेगळी. मला तो मोकळा असताना वळायला हवाय.

प्रतिसाद: श्वानशाळा

ताई, मी कुत्री शिकवण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही जे बारकाईने लिहिलंय त्यातच उत्तर आहे. तो वळलेला कान. क्लिक तिथे करायचा.

धास्ती बाळगू नका. क्लिकमुळे बघणं वाढेल असं तुम्हाला वाटतं, पण क्लिक झाला की त्याला खाऊसाठी तुमच्याकडे यावं लागतं. म्हणजे मेंढी दिसली, क्लिक, मालकिणीकडे वळ, ही साखळी बसते. पुरेसा सराव झाला की तो मेंढीकडे बघतो आणि क्लिकची वाट न बघता स्वतःच तुमच्याकडे बघतो. त्या दिवसापासून क्लिक बघण्यावर नाही, वळण्यावर करायचा.

पण हे तो खाऊ घेतोय तोवरच चालतं. खाऊ नाकारला किंवा हिसकल्यासारखा घेतला, बोटाला दात लागले, तर समजा अंतर कमी पडलंय. बोलत बसू नका, त्याला घेऊन मागे सरका. काकूंच्या शेळ्यांपासून सुरुवात इतक्या लांबून करा की त्याचं तोंड उघडं आणि शेपटी सैल राहील. ते अंतर शंभर पावलं असेल तर शंभर. एका वेळी चार-पाच मिनिटं पुरेत. सकाळी ऊन चढायच्या आत करा. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊनही कुत्र्याला सोसत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो आणि धापा टाकणारा कुत्रा काही शिकत नाही.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट: उद्यापासून मोकळा सोडणं बंद. पाठलाग हेच त्याचं बक्षीस आहे. तुमच्या भाकरीपेक्षा कितीतरी मोठं, आणि प्रत्येक पाठलागात ते त्याला आयतं मिळतं. एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे तो रोज शेळ्यांमागे जाऊन स्वतःची कमाई करून येणार, तर तुमची मेहनत पाण्यात. बैलाचा कासरा असतो तशी लांब, हलकी दोरी घ्या, दहा मीटर तरी. ती गळ्याच्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला बांधा. धावत सुटला आणि मानेला झटका बसला तर इजा होते. दोरी हाताला गुंडाळू नका, तळहात सोलून निघतो.

दिरांचं. क्लिक म्हणजे 'ये' नाही. क्लिक म्हणजे 'आत्ता जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय'. ही पद्धत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आली. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी ती जनावरं शिकवायला वापरली. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी शिट्टी धरली, कारण उडी मारलेल्या डॉल्फिनच्या तोंडात त्या क्षणी मासा घालता येत नाही. शिट्टीने क्षण पकडायचा, मासा नंतर. 1960 च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी पुढे हीच रीत कुत्रेवाल्यांपर्यंत पोहोचवली. दीर क्लिकने बोलावत राहिले तर 'बरोबर' हा अर्थ पुसट होईल, आणि कुत्रा पळत असताना वाजवलेला क्लिक पळण्यालाच शाबासकी ठरेल. त्यांना एक वेगळी शिट्टी द्या, ती फक्त बोलावण्याची. आबा, तुम्ही, पोरं, सगळ्यांनी तीच वाजवायची, म्हणजे कुणाचं 'आठे ये' आणि कुणाचं 'कम' हा प्रश्नच उरत नाही. शिट्टी वाऱ्यात, मोटारीच्या आवाजातही जाते. पण एक पथ्य: शिट्टीवर आला आणि खाऊ मिळाला नाही, असं पहिले काही महिने एकदाही होऊ देऊ नका. आणि बोलावून लगेच बांधायचं, हे तर नाहीच.

धागाकर्ती

दादा, डोळे उघडले. कानाचं तर अगदी पटलं. पण खाऊचं काय करू? आणि भरीत-भाकरीचं उरलेलं चालेल का? ते तो फार आवडीने खातो.

प्रतिसाद: श्वानशाळा

भरीत अजिबात नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतो, शिजवला तरी. ठेचा, फोडणीचं वरण, शेवभाजीचा रस्साही नको. द्राक्षं आणि मनुकेही बंद. त्याने मूत्रपिंडं जातात.

माळकरी घरात चालेल असं पुष्कळ आहे. घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. तेवढ्याने काम होतं, मोठा तुकडा दिला की चावण्यात वेळ जातो आणि पोटही लवकर भरतं. पिकलेल्या केळ्याची चकती काही कुत्र्यांना वेड लावते. शेंगदाणे बिनमिठाचे, थोडेच. पनीर मात्र फक्त शेळ्या-मेंढ्यांच्या सरावाला राखून ठेवा, अंगणातल्या 'बस'ला भाकरीच द्या. जे रोज मिळतं त्याची किंमत राहत नाही.

आणि खाऊ म्हणजे फक्त खाण्याचंच हवं असं नाही. डेव्हिड प्रिमॅक या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं तत्त्व इथे उपयोगी पडतं: जनावराला जे करायची ओढ जास्त, ते कमी ओढीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. भुऱ्याला पळायचंय. मग वळला की क्लिक, आणि तुम्हीच मेंढ्यांच्या उलट दिशेला धूम ठोका, त्याला मागे पळू द्या. चिंध्यांचा चेंडू दोरीला बांधून ओढत पळालात तर सोन्याहून पिवळं.

धागाकर्ती

चेंडू आजच करते, जुन्या लुगड्याचा. काकूंशीही बोलले, सकाळी दूध काढून झाल्यावर या म्हणाल्या. एकच विचारते: वाडा आला की नक्की काय करायचं? तोवर तो तयार होईल का?

प्रतिसाद: श्वानशाळा

दिवाळीपर्यंत दोरीवर वळायला लागेल, असं धरून चाला. मोकळा सोडण्याइतका भरवसा इतक्यात ठेवू नका. बांधलेली शेळी वेगळी आणि पळणारा कळप वेगळा, कुत्र्यासाठी ते सगळं नवीनच असतं, म्हणून कळप आला की पुन्हा लांबून, अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची. अंतर कमी केलं त्या दिवशी वेळ कमी ठेवा. कळप हलता असेल तर अंतर वाढवा. अंतर, वेळ आणि कळपाची हालचाल, तिन्ही एकदम अवघड करू नका.

वाडा उतरला की आधी भाऊंना भेटून सांगा की कुत्रा शिकवतोय, दोरीवर असेल. त्यांचे कुत्रे कुठे असतात ते विचारून घ्या आणि त्या बाजूला जाऊच नका. रात्री मेंढ्या तुमच्या रानात बसल्या असतील तेव्हा भुऱ्या घरात किंवा पक्क्या साखळीवर. आणि रेबीजची लस दिलेली नसेल तर या आठवड्यातच तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन द्या, वाड्याच्या कुत्र्यांशी गाठ पडायच्या आत.

प्रतिसाद: पांझराकाठ

ताई, एक भर घालतो. हार्नेस आणल्यावर दोन दिवस नुसता घरात घालून खाऊ द्या, मग दोरी लावा. आमच्या कुत्रीला थेट रानात घातला तर ती जागची हलेना. आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, नाहीतर काखेत घासून जखम होते.